घशातल्या जंतूची नोंद कोण ठेवणार?

गेल्या पावसाळ्यात अकरा वर्षांची एक मुलगी आमच्या ओपीडीत आली. जिना चढताना धाप लागते आणि रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही, एवढीच तक्रार होती. छातीला स्टेथोस्कोप लावला तेव्हाच अंदाज आला, टू-डी इकोने तो पक्का केला. हृदयाच्या डाव्या बाजूची एक झडप नीट मिटत नव्हती. निदान झालं ऱ्हुमॅटिक हृदयविकाराचं.

आईने प्लास्टिकच्या पिशवीतून जुने कागद काढले. त्यांत दीड वर्षापूर्वीची एक चिठ्ठी होती. त्यावर लिहिलं होतं : ताप, घसा लाल, टॉन्सिल सुजलेले, ॲझिथ्रोमायसिन, तीन दिवस. त्यानंतर तीन आठवड्यांनी गुडघे आणि घोटे सुजल्याचा दुसरा कागद होता. त्यावर फक्त वेदनाशामक गोळ्या होत्या.

"डॉक्टर, घसा धरला तेव्हा लगेच दवाखान्यात नेलं होतं. दिलेलं औषध एकही दिवस चुकवलं नाही. मग हे कसं झालं?"

प्रश्न रास्त होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. औषधाचा कोर्स अपुरा पडला असेल. कदाचित घशातला जंतू त्या औषधाला दाद देणारा नसेलच. किंवा खरा घात करणारा संसर्ग वेगळाच असेल आणि तो कुणाच्या लक्षातही आला नसेल. "ताई, तुमची काही चूक नाही," एवढं मी सांगू शकलो. पण या तीनपैकी खरं काय, हे आता कधीच कळणार नाही. त्या दिवशी घशाचा स्वॅब कुणी घेतला नव्हता. तिचाच नव्हे, त्या तालुक्यातल्या कुठल्याच मुलाचा त्या वर्षी घेतला गेला असण्याची शक्यता कमी आहे. आजचा लेख या न घेतलेल्या स्वॅबबद्दल आहे.

आधी हा जंतू समजून घेऊ. घसा दुखणाऱ्या दहा मुलांपैकी सात-आठ जणांचा घसा विषाणूंमुळे दुखतो. नाक वाहतं, खोकला येतो, आवाज बसतो आणि काही दिवसांत सगळं आपोआप ओसरतं. तिथे कुठल्याही प्रतिजैविकाचा उपयोग नसतो. उरलेल्या दोन-तीन मुलांच्या घशात 'स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस' म्हणजे 'अ' गटाचा स्ट्रेप्टोकोकस सापडतो. आपण त्याला सोयीसाठी स्ट्रेप म्हणू. पाच ते पंधरा या वयात तो जास्त आढळतो. ताप अचानक चढतो, गिळताना खूप दुखतं, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसतात, गळ्याच्या पुढच्या बाजूला गाठी हाताला लागतात आणि सर्दी-खोकला बहुधा नसतो.

स्ट्रेपचा घसा औषधाविनाही बरा होतो. खरा धोका नंतरचा आहे. या जंतूच्या आवरणातली काही प्रथिने आपल्या हृदयातल्या आणि सांध्यांतल्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात. जंतूशी लढायला तयार झालेली शरीराची फौज काही मुलांमध्ये दोन-तीन आठवड्यांनी स्वतःच्याच अवयवांवर उलटते. हाच ऱ्हुमॅटिक ताप. सांधे सुजतात आणि बरे होतात, पण हृदयाच्या झडपांवर पडलेले व्रण राहतात. जगात आज चार कोटींहून अधिक लोक असा विकार घेऊन जगत आहेत, दरवर्षी तीन लाखांहून अधिक त्याने दगावतात. यातला मोठा वाटा भारताचा आहे. जागतिक आरोग्य सभेने २०१८ मध्ये या आजारासाठी स्वतंत्र ठराव केला, तो उगाच नाही.

हे टाळता येतं. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या वॉरन हवाई तळावर १९४९ च्या सुमारास स्ट्रेपने घसा धरलेल्या सैनिकांवर अभ्यास झाले आणि पेनिसिलिन दिलं की ऱ्हुमॅटिक ताप टळतो, हे त्यांतून सिद्ध झालं. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं तरी पुढचा धोका टळतो. म्हणजे डॉक्टरकडे थोडा वेळ असतो. प्रश्न आहे तो 'योग्य औषध' कोणतं, याचा.

इथे वैद्यकशास्त्रातलं एक आश्चर्य सांगायला हवं. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मधल्या आपल्या नोबेल व्याख्यानात एक काल्पनिक गोष्ट सांगितली होती. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन विकत आणतो आणि अपुरं घेतो. त्याच्या घशातले स्ट्रेप मरत नाहीत, उलट औषधाशी सामना करायला शिकतात. तेच जंतू मग त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन काम करत नाही आणि ती मरते. फ्लेमिंगचा इशारा बहुतेक जंतूंच्या बाबतीत अक्षरशः खरा ठरला. पण त्यांनी उदाहरणासाठी निवडलेला नेमका हा जंतू त्याला अपवाद निघाला. ऐंशी वर्षांच्या वापरानंतरही 'अ' गटाचा स्ट्रेप पेनिसिलिनपुढे मान टाकतो. ॲमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच घराण्यातलं, त्यामुळे तेही चालतं.

मग चिंता कसली? चिंता ही, की चालणारं औषध आपण बाजूला ठेवलं आहे आणि ज्याला जंतू हुलकावणी देऊ शकतो, ते सर्रास वापरतो आहोत. ॲझिथ्रोमायसिन हे मॅक्रोलाइड गटातलं औषध. पेनिसिलिनची खरोखर ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी ते राखून ठेवावं, अशी अपेक्षा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांची जी वर्गवारी केली आहे, तीत ॲमॉक्सिसिलिन सहज वापराच्या गटात आहे, तर ॲझिथ्रोमायसिन 'जपून वापरा, लक्ष ठेवा' या गटात. आपल्याकडे चित्र उलटं आहे. भारतातल्या खासगी क्षेत्रातल्या २०१९ च्या विक्रीचा अभ्यास झाला, तेव्हा सर्वाधिक खपाचं प्रतिजैविक ॲझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी निघाली आणि दुसऱ्या क्रमांकावर सेफिक्झिम. हा आकडा कोविडच्या आधीचा आहे. त्या साथीत हे औषध घरोघरी पोहोचलं आणि मेडिकलमध्ये 'घशाच्या तीन गोळ्या द्या' म्हटलं की काय मिळतं, हे वाचकांना ठाऊक आहे.

दोष मेडिकलवाल्याला किंवा पालकांना देऊन मी मोकळा होणार नाही. दीडशे रुग्णांच्या ओपीडीत मीही ॲझिथ्रोमायसिन लिहिलेलं आहे. दिवसातून एकदा घ्यायचं, तीन दिवसांत संपतं, मूल कुरकुर करत नाही. पेनिसिलिनच्या गोळ्या बऱ्याच दुकानांत मिळत नाहीत. पेनिसिलिनच्या इंजेक्शनची रिॲक्शन येईल, या भीतीने अनेक दवाखान्यांनी ते ठेवणंच बंद केलं. खरं तर गंभीर रिॲक्शन विरळा असते, पण ती आली तर जमावाला तोंड कोण देणार, हा विचार डॉक्टरच्या मनात असतो. ॲमॉक्सिसिलिन स्वस्त आहे, सगळीकडे मिळतं, पण दहा दिवस द्यावं लागतं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला की बाटली फ्रीजच्या कोपऱ्यात जाते. शिवाय ॲझिथ्रोमायसिन स्ट्रेपच्या घशासाठी द्यायचंच झालं तर त्याचा प्रमाणित कोर्स पाच दिवसांचा आहे. तीन दिवसांची सवय कुठून रुजली, याचा आम्ही डॉक्टरांनीच विचार करायला हवा.

हे औषध शरीरात रेंगाळतं. शेवटची गोळी घेतल्यावर कितीतरी दिवस ते थोड्या प्रमाणात घशात असतं. जंतू मरणार नाही, पण सरावेल, एवढंच. बेल्जियममध्ये निरोगी स्वयंसेवकांना मॅक्रोलाइड औषधांचा एकच कोर्स देऊन त्यांच्या तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकस जातीच्या निरुपद्रवी जंतूंवर लक्ष ठेवलं गेलं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंचं वाढलेलं प्रमाण सहा महिन्यांनंतरही टिकून होतं. जंतू हे दोन प्रकारे साधतो. एक तर पेशीत शिरलेलं औषध पंपासारखं बाहेर फेकतो, नाहीतर औषध जिथे जाऊन चिकटतं ती जागाच बदलून टाकतो. दुसरी युक्ती जास्त घातक, कारण तिच्यामुळे क्लिंडामायसिन हे वेगळं औषधही निकामी होतं. स्ट्रेप रक्तात किंवा स्नायूंत शिरून जिवावर बेततो तेव्हा पेनिसिलिनच्या जोडीला आम्हाला क्लिंडामायसिन लागतं, त्याचं विष थोपवण्यासाठी.

ज्या देशांनी मोजमाप ठेवलं, त्यांना हे कळलं आणि सुधारताही आलं. जपानमध्ये १९७० च्या दशकात स्ट्रेपच्या निम्म्याहून अधिक नमुन्यांवर एरिथ्रोमायसिन चालेनासं झालं होतं. वापर घटला, तसं हे प्रमाणही पुढे खूप खाली आलं. फिनलंडचं उदाहरण तर प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला शिकवावं असं. तिथे १९९० च्या सुमारास एरिथ्रोमायसिनला दाद न देणारे स्ट्रेप वाढत असल्याचं नोंदींतून दिसलं. बाह्यरुग्णांना मॅक्रोलाइड जपून द्या, अशी सूचना देशभर गेली. १९९१ मध्ये दर हजार लोकांमागे रोज २.४० मात्रा वापरल्या जात होत्या. १९९२ मध्ये त्या १.३८ वर आल्या. १९९२ मध्ये १६.५ टक्के स्ट्रेप प्रतिरोधी होते, १९९६ मध्ये ८.६ टक्के उरले. चार वर्षांत प्रमाण निम्म्यावर.

उलट टोकाचं उदाहरण अमेरिकेतल्या पिट्सबर्गचं. तिथे एका शाळेतल्या मुलांच्या घशाचे स्वॅब नियमित घेतले जात होते. २०००-०१ च्या शालेय वर्षात त्यांतले ४८ टक्के स्ट्रेप एरिथ्रोमायसिनला जुमानत नव्हते. एकच प्रतिरोधी वाण शाळेत शिरला आणि बाकावरच्या मुलाकडून शेजारच्या मुलाकडे पसरत गेला. स्वॅब घेतले जात नसते तर कुणाला पत्ताही लागला नसता. चीनमधल्या अनेक अभ्यासांत हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलं आहे. तिथे ॲझिथ्रोमायसिनवर स्ट्रेपचा घसा बरा झाला, तर तो औषधाने झाला नसून आपोआप झाला, असंच बहुतेकदा म्हणावं लागेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये चिंताजनक जंतूंची सुधारित यादी काढली, तीत मॅक्रोलाइडला दाद न देणाऱ्या 'अ' गटाच्या स्ट्रेपचा समावेश झाला.

आपलं प्रमाण किती? पाच टक्के की पन्नास? माझ्या जिल्ह्यासाठी विचारलंत, तर मला सांगता येणार नाही. देशात प्रतिरोधावर लक्ष ठेवणारी जाळी आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं जाळं २०१३ पासून आहे, राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्राचंही आहे आणि दोन्ही चांगलं काम करतात. पण त्यांचा भर मोठ्या रुग्णालयांत दाखल रुग्णांच्या रक्त, लघवी आणि पू यांतल्या जंतूंवर आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पाहणी २०१५ मध्ये आठ जंतूंपासून सुरू झाली, त्यांतही हा स्ट्रेप नव्हता. कारण समजण्यासारखं आहे. अतिदक्षता विभागातला जंतू आज जीव घेतो. शाळकरी मुलाच्या घशातला जंतू दहा वर्षांनी झडपेच्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर दिसतो. तोवर त्या दोघांचा संबंध कुणाला जोडता येत नाही.

काही अभ्यास होतात, नाही असं नाही. पण त्यांचे आकडे वाचताना एक गोष्ट तपासावी : स्वॅब कुणाचा घेतला? औषध देऊनही बरं न झालेली मुलंच मोठ्या रुग्णालयात येतात. त्यांचेच स्वॅब घेतले तर प्रतिरोध फुगून दिसतो. उलट, आधीच औषध सुरू झालेल्या मुलाच्या घशात जंतू उगवतच नाही आणि अहवाल निर्दोष येतो. शिवाय दहातल्या एखाद्या निरोगी मुलाच्या घशातही स्ट्रेप नुसता वस्तीला असतो. म्हणून केव्हातरी केलेली मोहीम पुरत नाही. ठरलेल्या जागी, ठरलेल्या पद्धतीने, वर्षानुवर्षे मोजावं लागतं. या जंतूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत, ते लाटांसारखे येतात आणि जातात. यंदाचा आकडा पुढच्या वर्षी लागू पडेलच असं नाही.

माझी मागणी साधी आहे. दुखणाऱ्या प्रत्येक घशाचा स्वॅब घ्या, असं मी म्हणत नाही. ते परवडणारं नाही आणि गरजेचंही नाही. प्रत्येक जिल्ह्यात काही ठरावीक ओपीडी निवडाव्यात : जिल्हा रुग्णालय, एक-दोन ग्रामीण रुग्णालयं, एक-दोन तयार असलेले खासगी बालरोगतज्ज्ञ. तिथे स्ट्रेपची शंका असलेल्या, अजून प्रतिजैविक न घेतलेल्या मुलांचे स्वॅब घ्यावेत. अशा मुलांमध्ये चारपैकी एकात जंतू सापडेल असं धरलं, तर वर्षाला चारशे स्वॅबमधून शंभर जंतू मिळतील. चारशे म्हणजे आठवड्याला आठ. शंभर नमुन्यांवरून प्रतिरोध पाच टक्के आहे की चाळीस, हे स्पष्ट कळतं आणि धोरण ठरवायला तेवढं पुरतं.

प्रयोगशाळेत लागणारं सामानही साधं आहे. मेंढीचं रक्त घातलेली प्लेट लागते. एका दिवसात तिच्यावर जंतू उगवतो आणि भोवतालचं रक्त विरघळवून स्वच्छ गोल तयार करतो. मग औषधांच्या छोट्या चकत्या ठेवायच्या : पेनिसिलिन, एरिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन. एरिथ्रोमायसिनची चकती क्लिंडामायसिनजवळ ठेवली की कधी कधी क्लिंडामायसिनभोवतालचं वर्तुळ एका बाजूने चपटं होतं, इंग्रजी 'डी' अक्षरासारखं. जंतूने ती घातक युक्ती शिकली आहे, याची ती खूण. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांत हे सगळं करणारे हात आहेत. अडचण असते ती मेंढीच्या रक्ताचा नियमित पुरवठा, तालुक्याहून स्वॅब वेळेत आणणारी गाडी आणि नोंदी ठेवणारा एक माणूस मिळण्याची.

यासाठी नवी योजनाही काढायला नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं दरवर्षी शाळाशाळांत जातात आणि ज्या आजारांसाठी मुलं तपासतात, त्या यादीत ऱ्हुमॅटिक हृदयविकार आहे. म्हणजे बिघडलेली झडप शोधायची व्यवस्था आपल्याकडे आहे. तिच्याच जोडीला, झडप बिघडवणाऱ्या जंतूवर लक्ष ठेवायची व्यवस्था उभी करता येईल. आणि आकडा आला की तो दिल्लीच्या अहवालात पुरून न ठेवता जिल्ह्यातल्या प्रत्येक डॉक्टरच्या मोबाइलवर एका ओळीत पाठवावा : 'आपल्या जिल्ह्यात यंदा शंभरपैकी इतक्या स्ट्रेपवर ॲझिथ्रोमायसिन चालत नाही. ॲमॉक्सिसिलिन सर्वांवर चालतं.' गर्दीच्या ओपीडीत माझा हात कुठल्या औषधाकडे वळतो, ते अशी एक ओळ बदलू शकते.

"डॉक्टर, डेंग्यू आहे, क्षयरोग आहे, त्यात हे कुठे?" असं सहकारी विचारतात. खर्चाच्या बाजूने पाहा. झडप बदलण्याची एक शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची आयुष्यभराची औषधं यांच्यापुढे आठवड्याचे आठ स्वॅब किरकोळ आहेत. दुसरी गोष्ट, पेनिसिलिन कायम साथ देईल असं गृहीत धरू नये. पेनिसिलिन जंतूच्या ज्या प्रथिनाला पकडतं, त्यात छोटे बदल झालेले स्ट्रेप अलीकडच्या वर्षांत काही देशांत सापडले आहेत. ते अजून पेनिसिलिनने मरतात, पण ही पहिली पायरी असू शकते. दुसरी पायरी कुठे पडली, हे मोजणाऱ्यालाच आधी कळेल.

तोवर पालकांनी एवढं करावं. सर्दी-खोकल्यासह घसा दुखत असेल तर प्रतिजैविकाचा आग्रह धरू नये. मागच्या वेळच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून औषध आणू नये. ताप जास्त असेल, गिळता येत नसेल आणि सर्दी नसेल, तर डॉक्टरांना विचारावं, 'हा स्ट्रेप असू शकतो का?' ॲमॉक्सिसिलिन दहा दिवसांचं दिलं असेल तर तिसऱ्या दिवशी ताप गेला तरी दहा दिवस पूर्ण करावेत. लहानपणी कधी पुरळ आलं म्हणून 'पेनिसिलिनची ॲलर्जी' असा शिक्का बसला असेल, तर तो खरा आहे का, हे एकदा तपासून घ्यावं. घसा दुखल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजले किंवा धाप लागू लागली, तर वेदनाशामकावर भागवू नये.

ती मुलगी आता दर एकवीस दिवसांनी आमच्याकडे पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायला येते. पुन्हा स्ट्रेप लागून झडप आणखी बिघडू नये म्हणून ते द्यायचं, आणि पुढची कित्येक वर्षं द्यावं लागेल. आई कार्डावर तारीख लिहून घेते, एकही चुकवत नाही. मागच्या वेळी धाकट्या भावालाही घेऊन आली होती, त्याचा घसा धरला होता. त्याचा स्वॅब मी घेतला आणि चकत्या लावायला प्रयोगशाळेत पाठवला. आमच्या रजिस्टरमधली या वर्षातली घशाच्या स्वॅबची ती चौथी नोंद.